स्पॅनिशमध्ये भावाला ‘एर्मानो’ का म्हणतात? फ्रेंच, इटालियनसारखा लॅटिन ‘फ्रातेर’वरून शब्द का नाही? आणि जर्मनीशी काही संबंध आहे का?

आधी जर्मनीचं मिटवतो. संबंध नाही. स्ट्रेबो नावाच्या ग्रीक भूगोलकाराने तसा जोडला होता, की रोमन लोकांनी जर्मन टोळ्यांना ‘अस्सल गॉल’ (गॉल म्हणजे आजच्या फ्रान्सकडचे तेव्हाचे लोक) या अर्थाने जर्मानी म्हटलं, कारण लॅटिनमध्ये जर्मानुस म्हणजे अस्सल, सख्खा, पण आजचे अभ्यासक ते मानत नाहीत.

लॅटिनमध्ये भाऊ म्हणजे फ्रातेर, आपल्या संस्कृत ‘भ्रातृ’चाच सख्खा. पण फ्रातेर कुणालाही म्हणता यायचं, मग एकाच आईबापाचा असेल तर ‘फ्रातेर जर्मानुस’ (मूळ उच्चार गेर्मानुस) म्हणायचे. जर्मेन म्हणजे अंकुर, कोंब, म्हणजे एकाच बीजातला. पुढे स्पेन-पोर्तुगालकडे ‘सख्खा भाऊ’मधला भाऊच गळाला आणि सख्खा उरला, आपण मोबाईल फोनचं नुसतं मोबाईल केलं ना, तसंच. स्पॅनिशमध्ये सुरुवातीचा ग पण गेला आणि एर्मानो झालं (लिहिताना पुढे ह लावतात पण तो मुका, आणि मूळ लॅटिन शब्दात नव्हताच). पोर्तुगीजमध्ये मधला न विरघळून नुसता नाकातला सूर राहिला, इर्मांव. हात म्हणजे मानो, त्याचं तिकडे मांव होतं, तोच प्रकार. कॅटलानमध्ये (बार्सिलोनाकडची भाषा) मात्र लिहिताना ग शाबूत आहे, उच्चार तेवढा जेर्मा.

मग फ्रातेर गेला कुठे? मठात. स्पॅनिशमध्ये फ्राय, फ्राइले, पोर्तुगीजमध्ये फ्रेइ, फ्रादे, सगळे ख्रिस्ती साधू. म्हणून बरेच जण सांगतात की चर्चने शब्द पळवला म्हणून घरासाठी नवा लागला. मला हे अर्धंच पटतं, कारण फ्रेंच लोक भावालाही फ्रेर म्हणतात आणि मठातल्या ब्रदरलाही, त्यांचं काही अडलं नाही. आणि ग्रीकांनी तर ख्रिस्ताच्या कितीतरी आधी हेच केलं होतं, त्यांचा फ्रातेर कुळाच्या संघाचा सभासद झाला आणि घरातल्या भावाला आदेल्फोस म्हणजे ‘एकाच गर्भातला’ आला. आपला सहोदर अगदी तोच! मल्याळममध्ये आजही भावाला सहोदरन म्हणतात.

गंमत म्हणजे सख्खेपणासाठी आलेला हा शब्द आता परत सैल झालाय. पहिल्या नात्यातल्या चुलत-मावस भावाला स्पॅनिशमध्ये ‘प्रिमो एर्मानो’ म्हणतात, म्हणजे शब्दशः बघितलं तर सख्खा चुलत. मठातल्या ब्रदरलाही एर्मानो चालतं आणि पोर्तुगीजमध्ये ननला इर्मां, म्हणजे तिथेही हा पोचलाच. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतही कोकणी बोलताना भावाला इर्मांव म्हणतात, ते थेट पोर्तुगीजमधून आलेलं.

अनेकवचन मात्र जरा सांभाळून. मी पुण्यात क्लासला जायचो तेव्हा सर म्हणाले मला तीन एर्मानोस आहेत, मी आपलं तीन भाऊ लिहून घेतलं, नंतर कळलं त्यातल्या दोन बहिणी होत्या. आपल्याकडे ‘भावंडं’ आहे, त्यांना एर्मानोसवरच भागवावं लागतं.