जुनं पोस्टर विकत घेताना आणि सांभाळताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुंबईच्या चोरबाजारात ‘दीवार’चं (1975) पोस्टर बघितलं. विक्रेता म्हणतो, पहिल्या प्रदर्शनाच्या वेळचं आहे. दुकानात उभ्या उभ्या खात्री कशी करायची? (पुणे)

उत्तर : दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि मोजपट्टी सोबत न्या. नायकाचा चेहरा नंतर बघा, आधी पोस्टरच्या तळाशी असलेली मुद्रकाच्या नावाची बारीक ओळ भिंगाखाली धरा. त्या काळी चित्राचा फोटो ठिपके पाडणाऱ्या बारीक जाळीतून (हाफटोन) घेऊन ऑफसेटवर छापत, त्यामुळे चेहऱ्यात रंगीत ठिपके दिसणारच. ठिपके दिसले म्हणजे नक्कल, हा समज चुकीचा आहे. मुद्रकाची ओळ मात्र सहसा जाळीशिवाय, एकाच शाईत छापलेली असते. अक्षरं भरीव आणि कडा स्वच्छ हव्यात. हीच अक्षरं निळ्या, लाल, पिवळ्या ठिपक्यांची बनलेली आणि कडेला विस्कटलेली दिसली, तर जुनं पोस्टर स्कॅन करून नव्यानं छापलंय. ठिपक्यांना कसलीच रांग नसेल, शाईचा नुसता बारीक फवारा उडाल्यासारखा दिसत असेल, तर तो इंकजेटचा प्रिंट. चित्रपटाच्या नावावर ही कसोटी लावू नका. नाव बऱ्याचदा चित्रातच रंगवलेलं असे, म्हणून त्यात ठिपके येतात.

मग मोजपट्टी लावा. एक-शीट, म्हणजे एकाच कागदावर छापलेलं पोस्टर साधारण 30 × 40 इंचांचं असतं. कटिंगमुळे थोडा फरक चालतो. नकला बहुधा 24 × 36 किंवा ए1, ए2 अशा ए-मालिकेच्या मापात निघतात. पोस्टरं घड्या घालून थिएटरांकडे जायची, म्हणून घडीची रेघ पाठीमागून बोटाला लागली पाहिजे. दोन घड्या एकमेकींना छेदतात तिथे कागदाचे तंतू उघडे पडलेले असतात. रेघ डोळ्यांना दिसते पण बोटाला लागत नाही, म्हणजे घडीसुद्धा छापलेली आहे.

अस्सल ठरलं तरी ते पहिल्या प्रदर्शनाचंच असेल असं नाही. गाजलेले चित्रपट पुन्हा पुन्हा लागत आणि दर वेळी पोस्टरं नव्यानं छापली जात. इथे मुद्रकाचा पत्ता कामाला येतो. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला. त्याआधी ‘बॉम्बे-4’ असा पत्ता असे, नंतर ‘बॉम्बे-400 004’. तेव्हा 1957 सालच्या चित्रपटाच्या पोस्टरवर सहा आकडी पिन असेल, तर ते नंतरच्या प्रदर्शनाचं. उलट बाजूनं मात्र हा पुरावा कच्चा आहे, कारण काही छापखाने जुन्या पद्धतीचा पत्ता पुढेही वापरत राहिले. सेन्सॉरचं ‘यूए’ प्रमाणपत्र 1983 पासूनचं. तुमच्या ‘दीवार’वर ते छापलेलं असेल तर प्रश्नच मिटला, ते नंतरचं. पुनर्प्रदर्शनाचं पोस्टर खोटं नसतं, पण त्याला पहिल्या छपाईची किंमत देऊ नका.

प्रश्न : पोस्टरवरची सही म्हणजे चित्रकाराचीच ना? (ठाणे)

उत्तर : सही बहुतेक वेळा पोस्टर रंगवणाऱ्या स्टुडिओची. प्रमुख चित्रकार रचना आणि चेहरे करी, पार्श्वभूमी साहाय्यक भरत, अक्षरं अनेकदा वेगळ्याच माणसाची. त्यामुळे सहीइतकाच हातही ओळखायला शिका. ‘दीवार’चं पोस्टर करणारे दिवाकर करकरे फोटोवर सुरीनं जाड तैलरंग ओढत. ‘दीवार’च्या चेहऱ्यांवरचे ते तुटक, खरखरीत फटकारे पाहिलेत की दुसरीकडेही ओळखू येतात. ‘शोले’चं तडे गेलेल्या दगडासारखं नाव सी. मोहन यांचं. ‘मुघल-ए-आझम’च्या प्रसिद्धीचं काम करणारे जी. कांबळे कोल्हापूरचे, आणि हा धागा थेट कोल्हापूरचेच चित्रकार-दिग्दर्शक बाबूराव पेंटरांपर्यंत जातो. त्यांच्या ‘कल्याण खजिना’चं (1924) पोस्टर आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्र-पोस्टरांत सर्वांत जुनं मानलं जातं. भर उन्हापावसात भिंतीवर लागणाऱ्या कागदासाठी या मंडळींनी जे रेखाटन केलं, ते चित्रकलेच्या इतिहासात अजूनही पुरेशा मानानं लिहिलं जात नाही. म्हणून तुमच्याकडच्या पोस्टरवर सही असेल तर ती कोपऱ्यासकट जपा, फ्रेमवाल्याला कडा कापू देऊ नका.

प्रश्न : वडिलांच्या संग्रहातलं जुनं मराठी पोस्टर घडीवर फाटलंय, मागे सेलोटेप आहे. फ्रेमवाला लॅमिनेशन करा म्हणतो. (सांगली)

उत्तर : अजिबात नको. उष्णतेनं वितळून चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा सुटत नाही, आणि आतला आम्लयुक्त कागद पिवळा पडत राहतो. प्लायवर चिकटवणंही तितकंच वाईट.

आधी कापसाची काडी किंचित ओली करून प्रत्येक रंगाच्या कोपऱ्यावर टेकवा. लाल आणि गुलाबीपासून सुरुवात करा. कापसाला रंग लागला तर पुढचं काम घरी करू नका. टेप कोरडीच ओढली तर कागदाचा थर सोबत येतो. हेअर ड्रायर मंद ठेवून गोंद मऊ करा आणि टेप कागदाला जवळजवळ समांतर, सावकाश मागे ओढा. तंतू उठू लागले की थांबा. मागे राहिलेला तपकिरी डाग द्रावकाशिवाय जात नाही. ते काम संवर्धकाचं, म्हणजे जुन्या कलाकृती दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाचं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धन केंद्र आहे.

फाटलेल्या जागेसाठी गव्हाच्या स्टार्चची खळ करा. एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत अर्धा तास, पारदर्शक होईपर्यंत. गार झाली की गाळून दाट ताकाइतकी पातळ करा. मैदा नको, त्यातल्या प्रथिनांवर कसर येते. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, तेही नको; त्यातल्या तांब्यामुळे कागद लवकर ठिसूळ होतो. पातळ पण चिवट, लांब तंतूंच्या जपानी कागदाची सेंटीमीटरभर रुंदीची पट्टी हातानं फाडून घ्या. कात्रीनं कापलेल्या पट्टीची कड टणक राहते आणि तिथेच नवी घडी पडते. पट्टीला अगदी थोडी खळ लावून ती मागून बसवा, वर न चिकटणारं पॉलिस्टर कापड, टीपकागद, काच आणि वजन ठेवा. पंधरा मिनिटांनी टीपकागद बदला आणि रात्रभर तसंच राहू द्या. खळ जास्त झाली तर कागदाला लाटा येतात.

पूर्ण पोस्टरच ठिसूळ झालं असेल, तर जपानी कागदाचा थर देऊन मांजरपाटावर चढवावं लागतं. ते संवर्धकाकडूनच करून घ्या.

प्रश्न : पावसाळ्यात फ्रेमच्या आत शाई काचेला चिकटली. (रत्नागिरी)

उत्तर : काच आणि कागद यांत जागाच नसेल. आम्लरहित माउंट बोर्ड (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) घालून किमान 3 ते 5 मिलिमीटर अंतर ठेवा आणि फ्रेम पावसाच्या माऱ्याच्या भिंतीवर लावू नका. चिकटलेला भाग ओढू नका. काचेसकट फ्रेम सपाट ठेवून संवर्धकाकडे न्या.