चाकाचे स्टड आणि सत्तेचाळीस दिवस

मुलुंडच्या एका वाचकाचं पत्र आहे. ऑगस्टमध्ये त्यांनी घोडबंदर रोडवरच्या एका डीलरकडून सात वर्षं वापरलेली हॅचबॅक ३,८५,००० रुपयांना घेतली. अकराव्या दिवशी पंक्चर झालं. पंक्चरवाल्याने नट काढायची गन लावली, तर पुढच्या डाव्या चाकाचा एक नट निघेना. स्टडसकट (नट ज्यावर आवळतात तो आट्यांचा दांडा) जागच्या जागी गरगर फिरू लागला. टायर ट्यूबलेस, म्हणून चाक न काढताच पंक्चर निघालं. डीलरला फोन केला, तो म्हणाला, "घेऊन या, बघू." मग गणपती आले आणि हे सहकुटुंब कणकवलीला जाऊन आले. परतल्यावर गॅरेजमध्ये मागच्या उजव्या चाकाचेही दोन स्टड फिरताना सापडले. खर्चाचा अंदाज साडेआठ हजार. डीलर आता ताबा-पावतीवरचं वाक्य दाखवतो : "गाडी तपासून, चालवून पाहून, आहे त्या स्थितीत घेतली, नंतर तक्रार चालणार नाही." वाचकांचे प्रश्न दोन : गाडी परत करून सगळे पैसे मिळतील का, आणि केस लागेपर्यंत दुरुस्ती थांबवायची का?

जुन्या गाड्यांची अशी पत्रं दर महिन्याला येतात. कुठे गिअरबॉक्स असतो, कुठे एसी. सगळ्यांना वाटतं, आपल्याला त्या पावतीवरच्या वाक्याने बुडवलं. तुम्हाला त्या वाक्याने बुडवलेलं नाही. तुम्हाला अडचणीत आणलंय ते गाडी घेतल्यापासूनच्या सत्तेचाळीस दिवसांत डीलरला एक ओळही लेखी न पाठवल्याने.

मालविक्री कायदा १९३० चा आहे, पण तुमचं उत्तर त्याच्याच कलम ४२ मध्ये आहे. वाजवी मुदत उलटूनही 'माल नाकारतो' असं विक्रेत्याला न कळवता जो माल ठेवून घेतो, त्याने तो स्वीकारला असं धरतात. वाजवी मुदत म्हणजे किती दिवस, हे कायद्यात लिहिलेलं नाही, प्रकरणाप्रमाणे ठरतं. पण दोष अकराव्या दिवशी कळला, त्यानंतर कोकणात जाऊन येणं झालं, आणि "घेऊन या" म्हटल्यावरही गाडी नेली नाही. ग्राहक आयोगापुढे याला काय म्हणणार? आणि एकदा माल स्वीकारला की कलम १३ प्रमाणे तो परत करण्याचा रस्ता सहसा बंद होतो. उरते ती नुकसानभरपाई. तेव्हा ३,८५,००० विसरा. नोटिशीत पर्यायी मागणी म्हणून हवं तर लिहा, पण तिच्यावर घर बांधू नका.

उरलेल्या भरपाईत मात्र दम आहे. 'तपासून घेतली' याचा अर्थ कलम १६ मध्ये मर्यादित आहे : त्या तपासणीत जे दिसायला हवं होतं, तेवढ्यापुरताच तो ग्राहकाला बांधतो. स्टड हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागात, मागून दाबून बसवलेला असतो, त्याच्या मानेवरच्या दात्यांनी तो घट्ट धरलेला असतो. दाते झिजले की नट वरून घट्ट दिसतो आणि पाना लावेपर्यंत कोणाला काही कळत नाही. गाडी घेताना चारही चाकं खोलून बघणारा गिऱ्हाईक मी तरी पाहिलेला नाही. 'तक्रार चालणार नाही' या शब्दांबद्दल एवढी खात्री देत नाही. कलम ६२ प्रमाणे अशी अट घालता येते. ती अन्याय्य आहे असं म्हणायचं, तर तो वाद जिल्हा आयोगाकडे नाही, राज्य आयोगाकडे जातो. साडेआठ हजारांसाठी तिकडे वळू नका.

डीलरचा खरा बचाव वेगळाच असेल, आणि तो चांगला आहे : "तुमच्या पंक्चरवाल्याने गन मारून स्टड खराब केला." असं होतंही. त्याला उत्तर तुमच्या पत्राच्या तळाशी, ताजा कलम म्हणून लिहिलेल्या एका ओळीत आहे. पुढच्या चाकाचा तो स्टड गाडी वर घेऊन मागून टॉर्च मारून पाहिला, तेव्हा त्याच्या डोक्याशी तुटलेला, गंजलेला वेल्डिंगचा टाका दिसला, असं मेकॅनिक म्हणाला. अहो, हीच तर तुमची केस! म्हणजे तो स्टड पूर्वीही फिरत होता आणि कोणीतरी टाका मारून वेळ भागवली होती. शिवाय मागच्या चाकाला पंक्चरवाल्याने हातही लावला नव्हता. हे डीलरला माहीत होतं की त्याच्या आधीच्या मालकाला, हे आज सांगता येणार नाही. पण दोष ताब्याच्या आधीचा होता, एवढं दाखवता आलं तरी पुष्कळ झालं.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : दुरुस्ती थांबवायची नाही, पण आज करायची नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३८ मध्ये वस्तू प्रयोगशाळेत पाठवून तपासण्याची सोय आहे. तक्रार तीन महिन्यांत, आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकालात काढायचा प्रयत्न व्हावा, असंही तिथेच म्हटलंय. वांद्र्याच्या आयोगात पाच महिने कसे जातात हे मी अनेक वर्षं बघतो आहे. तोवर गाडी सोसायटीत धूळ खात ठेवण्यात शहाणपण नाही. आणि चालवायची तर अजिबात नाही. दोष माहीत असताना रस्त्यावर गाडी काढणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली गुन्हा आहे, आणि तुम्हाला माहीत होतं याचा पुरावा तुम्हीच मला लिहून पाठवला आहे. कणकवलीची फेरी सुखरूप झाली हे बाप्पाचे उपकार.

या आठवड्यात डीलरला पत्र पाठवा. साधं मराठीत, एक पान. कोणत्या चाकाचे कोणते स्टड, कधी कळलं, फोन कधी केला, टाका कुठे आहे, आणि 'सात दिवसांत गाडी येऊन पाहा, त्यानंतर मी दुरुस्त करून खर्च तुमच्याकडून वसूल करीन.' स्पीड पोस्टाने पाठवा (रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झालं आहे, खिडकीवर वाद घालू नका), आणि तेच व्हॉट्सॲपवरही. फोनवर झालेल्या बोलण्याची कॉल लिस्ट जपा. फोन विकू नका, बदलू नका; भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र लागलं तर मूळ फोन हाताशी हवा.

आठव्या दिवशी गाडी फ्लॅटबेडवरून (गाडी वर चढवून नेणाऱ्या ट्रकवरून) गॅरेजला न्या. चाक खोलण्याआधी नंबर प्लेट आणि किलोमीटर दिसेल असा व्हिडिओ सुरू करा आणि स्टड बाहेर येईपर्यंत बंद करू नका. जुना स्टड, नट आणि हब बदलला तर हबही पिशवीत घालून घरी आणा. हे गॅरेजवाल्याला आधीच बजावून ठेवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत ते सगळं भंगारात गेलेलं असेल. जॉब कार्डवर चाकागणिक काम लिहून घ्या. "पुन्हा एक टाका मारतो, पाचशेत काम" असं कोणी म्हणालं तर हात जोडा : स्टड कमजोर होतो, आणि त्याच्याबरोबर तुमचा पुरावाही जळतो. हबचं भोकच मोठं झालं असेल तर नवा स्टडही फिरेल, तेव्हा अंदाज साडेआठ हजारांवर जाऊ शकतो. नट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळून घ्या आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

पैसे आले नाहीत तर तक्रार वांद्र्यालाच दाखल करा. डीलर ठाण्याचा असला तरी ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता तिथे चालते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण तुमचा स्वभाव पाहता हे सांगायला मी जरा बिचकतोच आहे.

ट्रायलला ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरलं आणि डीलर "अलाइनमेंट आहे" म्हणाला, हे तुम्ही लिहिलंय. ते लपवू नका, प्रतिज्ञापत्रावर सही करायची आहे. 'थरथर कळली होती तर चाकं का नाही तपासलीत?' असा प्रश्न येईल. उत्तर डीलरच्या शब्दांत आहे, फक्त ते तोंडी होते. ट्रायलला बरोबर कोण बसलं होतं? मेहुणे असतील तर त्यांचं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेवा.

आणि विम्याचं पत्रात काहीच नाही. गाडी नावावर झाल्यापासून चौदा दिवसांत विमा कंपनीला अर्ज करायचा असतो. तो केला नसेल, तर दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकेल. डीलरचं पत्र टाकायला पोस्टात जाल, त्याच दिवशी हेही उरका.