एबीएसचा दिवा विझत नाही? आधी बॅटरी बघ
अरे, बाइकच्या एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा विझत नाही म्हणून लगेच पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत चाकाचा सेन्सर शोधत फिरू नकोस. चावी फिरवल्यावर दिवा लागणारच. गाडी थोडी पुढे गेली की विझतो. तो विझत नसेल आणि स्कॅनरवर (गाडीतला बिघाड वाचणाऱ्या यंत्रावर) लो व्होल्टेजचा कोड येत असेल, तर मल्टीमीटर काढ. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला १२.६ च्या आसपास व्होल्ट हवेत. स्टार्टर मारताना आकडा दहाच्या खाली कोसळला, तर बॅटरी थकली समज. इंजिन चालू करून रेस दिलीस की साधारण १३.५ ते १४.५ दिसायला हवेत. नसतील तर वीज तयार करणारा स्टेटर किंवा तिचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर, यांच्याकडे वळ.

आकडे ठीक आहेत? मग टर्मिनल बघ. माझ्या गाडीत पावसाळ्यानंतर निगेटिव्हच्या बोल्टखाली हिरवट बुरशीसारखा थर साचला होता, वरून काहीच दिसत नव्हतं. खोलताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. सँडपेपरने घास, घट्ट आवळ. चॅसीवरचं (गाडीच्या सांगाड्यावरचं) अर्थिंगही तसंच साफ कर. आणि ते जास्तीचे फॉग लॅम्प बॅटरीवरून थेट जोडलेत ना? तेही बॅटरी खातात, दोन दिवस काढून बघ.

दिवा लागलेला असताना साधे ब्रेक लागतात, पण चाक लॉक होऊ शकतं. तोवर ओल्या कात्रज घाटात मस्ती नको.