हिरा-ग्रॅफाइट आणि फुलपाखराच्या वेगवेगळ्या माद्या: दोन्हीकडची बहुरूपता एकाच कारणाने येते का?

नाही. एकाच गोष्टीची अनेक रूपं दोन्हीकडे दिसतात, पण ती टिकून राहण्याची कारणं जवळजवळ उलटी आहेत.

खनिजात घटक तेच राहतात, अणूंची मांडणी बदलते; हिरा आणि ग्रॅफाइट दोन्ही कार्बनच. हिरा-ग्रॅफाइटपेक्षा मला कायनाइट, अँडालुसाइट, सिलिमनाइट हे खनिजांचं त्रिकूट जास्त बोलकं वाटतं. तिघांचं रासायनिक सूत्र एकच. दाब जास्त असला की कायनाइट, कमी असला की अँडालुसाइट, तापमान फार चढलं की सिलिमनाइट. त्यामुळे खडकात यातलं काय सापडतं त्यावरून तो किती दाबाखाली, किती तापला होता याचा अंदाज भूशास्त्रज्ञ बांधतात. ठरावीक दाब-तापमानाला सहसा एकच रूप स्थिर असतं. बाकीची दिसली तर ती मागे राहून गेलेली. हिराही तसाच. जमिनीवर स्थिर रूप ग्रॅफाइटचं, पण मांडणी मोडायला लागणारी ऊर्जा मिळत नाही म्हणून हिरा हिराच राहतो. (माणिक आणि नीलम यात धरू नका. दोन्ही कोरंडम हे एकच खनिज, मांडणीही तीच, फक्त अशुद्धी वेगळी.)

सजीवांत मात्र ही रूपं एकाच वेळी, एकाच ठिकाणी, आपसात प्रजनन करत नांदतात. कॉमन मॉर्मन फुलपाखराच्या काही माद्या नरासारख्या दिसतात, काही कॉमन रोझ या दुसऱ्या जातीच्या फुलपाखरासारख्या, तर काही क्रिमसन रोझ या तिसऱ्या जातीसारख्या. ही दोन्ही रोझ विषारी असल्याने पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत, आणि मॉर्मनची मादी त्यांच्या नावावर खपून जाते. गंमत म्हणजे ही सगळी उलथापालथ डबलसेक्स या एकाच जनुकावर चालते, असं 2014 साली दाखवलं गेलं. त्या जनुकाची आवृत्ती डीएनएच्या उलट्या फिरलेल्या तुकड्यात अडकलेली असल्याने ती अखंडच पुढच्या पिढीत जाते. म्हणून अर्धी मॉर्मन, अर्धी रोझ अशी मादी सहसा दिसत नाही.

मग सगळ्याच माद्या नकली का होत नाहीत? कारण नकला फार वाढल्या, तर असं दिसणारं फुलपाखरू बिनधोक खाता येतं हे पक्ष्यांना कळतं आणि सोंगाचा फायदा घटतो. रूप जितकं सर्रास, तितका त्याचा उपयोग कमी. खनिजाला असलं गणित लागू पडत नाही. शेजारी किती कायनाइट आहे याच्याशी अँडालुसाइटच्या स्थिरतेचा काही संबंध नसतो.