ओठ सुजला की ‘पित्त उठलं’ म्हणावं का?

कोल्हापूरहून आलेला प्रश्न असा: आईला ल्यूपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) आहे. मधूनच तिचा ओठ, कधी पापणी टम्म सुजते. घरात सगळे ‘पित्त उठलंय’ म्हणतात, डॉक्टरांनी कागदावर ‘अँजिओएडिमा’ लिहिलंय. दोन्ही एकच का?

दर वेळी नाही. ‘पित्त उठणं’ हे मुळात गांधींचं वर्णन. ‘अंगावर गांधी उठल्यात’ म्हणजे वरवरचे चट्टे, खाज, आणि एकेक गांध साधारण 24 तासांत मावळणार. अँजिओएडिमा म्हणजे कातडीच्या खालच्या थरातली सूज. ती गांधींसोबत आली, तर ‘पित्त’ म्हणून फारसं बिघडत नाही. पण ल्यूपसमध्ये क्वचित शरीर स्वतःच्याच सी-वन इनहिबिटर या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. मग या प्रथिनानं आवरून धरलेलं ब्रॅडिकायनिन हे रसायन वाढतं, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं. ही सूज खाजत नाही, गांधी दिसत नाहीत, चढायला काही तास आणि उतरायला दोन ते पाच दिवस लागतात. चढलेल्या सुजेला सेट्रिझिन ही ॲलर्जीची गोळी लागू पडत नाही, स्टेरॉईडही नाही. मग आमसुलाचं पाणी चोळून काय होणार?

खरा घोटाळा पुढे आहे. हीच सूज आतड्याला आली की पोटात कळा येतात, उलट्या होतात. त्यालाही आपण ‘पित्त झालंय’च म्हणतो. ओठ आणि पोट यांचा संबंध त्या एका शब्दाखाली दबून जातो.

म्हणून डॉक्टरांना ‘पित्त’ सांगूच नका. सांगा, ‘ओठाला सूज चढली, खाज नव्हती, गांधी नव्हत्या, तिसऱ्या दिवशी ओसरली, मधे पोटात कळा आल्या.’ सुजलेल्या ओठाचा फोटो दाखवा. बीपीची गोळी चालू असेल तर तिचं नावही, कारण रामिप्रिल, एनालाप्रिलनंही अशीच सूज येते. या सुजेत रक्तातलं सी-फोर हे प्रथिन कमी होतं, पण ल्यूपसमध्ये ते एरवीही कमी असू शकतं, त्यामुळे सी-वन इनहिबिटरची पातळी आणि कार्य, दोन्ही तपासावं लागतं.

मराठी शब्दच हवा तर ‘शोफ’ आहे, पण तो घरात कुणी बोलत नाही. ‘बिनखाजेची सूज’ मला जास्त पटतं.

आवाज घोगरा झाला, गिळता येईना, श्वास अडकायला लागला, तर 108 लावा किंवा सरळ कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय गाठा आणि दारातच सांगा, ‘घशाला सूज चढतेय.’