गुन्हा कबूल करण्याआधी

सोलापूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

दुकानातून पैसे न देता वस्तू बाहेर नेल्याच्या आरोपावरून तुझ्यावर खटला झाला असून, गुन्हा कबूल केल्यास थोड्या दंडावर प्रकरण मिटेल असे सरकारी वकिलाने सुचवले आहे, हे तुझ्या वडिलांकडून समजले. आपल्या सोलापूरच्या कोर्टात किरकोळ प्रकरणात कबुली देऊन, दंडाची पावती घेऊन त्याच दिवशी घरी परतणारे पक्षकार मी उभ्या वकिलीत पाहिले आहेत. तुलाही तोच मार्ग सोपा वाटावा, यात नवल नाही. परंतु तू अमेरिकेत व्हिसावर आहेस आणि पुढे ग्रीन कार्ड मागणार आहेस, म्हणून कळकळीने सांगतो की स्थलांतर कायदा जाणणाऱ्या वकिलाशी बोलल्याखेरीज न्यायाधीशांपुढे कबुली देऊ नकोस.

तेथील स्थलांतर कायदा दोषसिद्धीची व्याख्या स्वतःच करतो. १९९६ च्या दुरुस्तीपासून, आरोपीने कबुली दिली आणि न्यायालयाने दंड किंवा अन्य कोणतेही बंधन घातले, की पुढे राज्याच्या न्यायालयाने नोंद पुसली तरी स्थलांतर अधिकाऱ्याच्या लेखी दोषसिद्धी बहुधा तशीच राहते. स्थगित केलेली कैदही कैदच धरतात. चोरी, मग ती चाळीस डॉलरची का असेना, सामान्यतः नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यांत, म्हणजे ग्रीन कार्ड अडवू शकणाऱ्या अप्रामाणिकपणाच्या गुन्ह्यांत मोडते. आयुष्यातला तो एकच गुन्हा असेल, त्याची कमाल शिक्षा एक वर्षाहून अधिक नसेल आणि प्रत्यक्ष शिक्षा सहा महिन्यांच्या आत असेल, तर ग्रीन कार्डाच्या वाटेतला हा अडसर दूर होतो; पण देशाबाहेर काढण्याचा नियम निराळा आहे. प्रवेशानंतर पाच वर्षांच्या आत केलेल्या अशा गुन्ह्याला एक वर्षाची कैद होऊ शकते, एवढेही तेथे पुरते. या एका दिवसाच्या फरकासाठीच कॅलिफोर्नियाने २०१५ पासून सौम्य गुन्ह्यांची कमाल कैद ३६५ वरून ३६४ दिवसांवर आणली. म्हणून तुझ्यावर नेमके कोणते कलम लावले आहे, हे आधी पाहावे लागेल.

पॅडिला विरुद्ध केंटकी या २०१० च्या निकालानुसार, कबुलीमुळे देशाबाहेर काढले जाण्याचा धोका परकीय अशिलाला सांगणे हे फौजदारी वकिलाचे कर्तव्यच आहे. त्याला निःसंकोच विचार. कबुली न घेता, समुपदेशन किंवा समाजसेवा पूर्ण केल्यावर खटला मागे घेण्याची सोय तेथे आहे का, हेही विचार, कारण तसे झाले तर ती दोषसिद्धी ठरत नाही. तोवर, वडील कितीही म्हणोत, दुकानदाराला माफीचे पत्र लिहू नकोस; शिक्षा न होताही दिलेली कबुली पुढे आड येऊ शकते.

ग्रीन कार्डाच्या अर्जात अटकेविषयी विचारतील, तेव्हा खटला निकाली निघालेला असला तरी खरे तेच लिही आणि निकालाची प्रमाणित नक्कल जोड. खोटे लिहिणे हा स्वतंत्र आणि कित्येकदा मूळ गुन्ह्याहून जड अडथळा होतो.

गड्ड्याच्या यात्रेला येण्याचे तिकीट काढले असशील, तर रद्द कर. परतताना विमानतळावर तुझी पात्रता नव्याने तपासली जाईल. आईची समजूत मी घालतो. तू आरोपपत्राची प्रत आणि पुढची तारीख आजच कळव.

तुझा,
वकीलकाका