म्युझियमच्या जर्नलला सायटेशन नसतात, मग तिथे पेपर का द्यायचा?

तुम्ही विचारलंय की झूलॉजिकल सर्व्हेच्या (देशातल्या प्राण्यांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) 'रेकॉर्ड्स'सारख्या जर्नलला कोणी साइट करत नाही, म्हणजे आपल्या पेपरात संदर्भ म्हणून देत नाही, मग तिथे पेपर देण्यात अर्थ आहे का. साइट करतात हो, पण ते मोजलं जात नाही.

मी कॉलेजात झूलॉजी शिकवते. प्रमोशनच्या वेळी समितीतल्या एका सरांनी माझा ओढ्यातल्या माशांवरचा पेपर बाजूला सारला आणि म्हणाले, मॅडम, असली जर्नलं वाचतं कोण? अजून विसरले नाहीये मी ते. त्या पेपरसाठी तीन वर्षं दिवाळीनंतर खंडाळ्याकडचे ओढे तुडवले होते आणि दगडांत सापडलेला बोटाएवढा मासा ओळखायला शेवटी कामाला आला तो 1919 चा 'रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्युझियम', खंड 16, म्हणजे आजच्या 'रेकॉर्ड्स'चाच जुना अवतार. त्यात प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेलने मुंबई इलाख्यातल्या ओढ्यांवर लिहिलंय, या माशाचं पहिलं वर्णन तिथेच आहे, तेही खंडाळ्याचंच. त्याने तो सायलोरिंकस या जीनसमध्ये (जवळच्या जातींच्या गटात) टाकला होता, 1921 मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरांनी त्याच जर्नलमध्ये त्याच्यासाठी पॅरासायलोरिंकस हा नवा जीनस केला, म्हणून आज (अ‍ॅनंडेल, 1919) असं माशाच्या नावापुढे कंसात लिहितात.

आता गोची इथे आहे. हे कंसातलं नाव-साल प्रत्येक पेपरात येतं पण मूळ पेपर रेफरन्स लिस्टमध्ये कोणी टाकत नाही, आणि डेटाबेस मोजतो फक्त लिस्ट. वर इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलच्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळाली तो आकडा, बघणार मागच्या दोन वर्षांचेच पेपर, टॅक्सॉनॉमीचा, म्हणजे जीव ओळखून त्यांना नावं देण्याचा, पेपर तर शंभर वर्षांनी उघडावा लागतो! 2020 मध्ये 'झूटॅक्सा' या टॅक्सॉनॉमीच्या मोठ्या जर्नललासुद्धा सेल्फ-सायटेशन (स्वतःच्याच जर्नलमधल्या पेपरांचे संदर्भ) जास्त म्हणून इम्पॅक्ट फॅक्टर काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने यादीतून काढलं होतं, जगभरचे टॅक्सॉनॉमिस्ट भांडले तेव्हा परत घेतलं. ही मोजपट्टीच आपल्या कामाची नाही.

तेव्हा द्या पेपर, स्पेसिमेन (जतन केलेला नमुना) नीट जमा करून द्या. हां, नोकरीचा फॉर्म समोर असेल आणि पॉइंट कमी पडत असतील तर आधी तिथे काय चालतं ते बघा, पोटापाण्याचा प्रश्न आहे, त्यात मी शहाणपण सांगणार नाही. पण कुठेही छापा, मूळ वर्णनाचा पेपर लिस्टमध्ये टाकाच. त्याच सरांच्या विद्यार्थ्याची माशांची चेकलिस्ट (जातींची यादी) मागच्या वर्षी आली, नावांपुढे अ‍ॅनंडेल आहे, होरा आहेत, रेफरन्समध्ये दोघांचाही एक पेपर नाही.